‘पोर्ट पडला’ ही एकच तक्रार, आजार मात्र दोन

दूध संकलन करणाऱ्या एका संस्थेच्या १४० टँकरांवर जीपीएसची यंत्रे बसवलेली आहेत. प्रत्येक यंत्र दर ३० सेकंदांनी टँकरचे ठिकाण, वेग आणि टाकीतले तापमान मोबाइल नेटवर्कवरून आमच्या एका लिनक्स सर्व्हरकडे पाठवते. तिथे ५०२३ या टीसीपी पोर्टवर, म्हणजे जोडणीसाठी नेमलेल्या क्रमांकाच्या दारावर, एक लहानशी सर्व्हिस (सतत चालणारा प्रोग्राम) ही माहिती घेऊन डेटाबेसमध्ये टाकते. ती सर्व्हिस आमची नाही. बाहेरून करून घेतलेली आहे. दर पाच-सहा दिवसांनी पहाटे वाहन विभागातून फोन येई : “साहेब, नकाशावर टँकर हलेनासे झालेत, पोर्ट परत पडला वाटतं.” कोणीतरी अर्धवट झोपेत लॅपटॉप उघडून सर्व्हिस रीस्टार्ट करी, दोन मिनिटांत टँकर हलू लागत आणि विषय तिथेच मिटे. या फोनांना कंटाळून एका सहकाऱ्याने रोज पहाटे ३ वाजता सर्व्हिस आपोआप रीस्टार्ट करणारी ओळ क्रॉनमध्ये, म्हणजे ठरावीक वेळी कमांड चालवणाऱ्या यंत्रणेत, घातली. त्यानंतर फोन कमी झाले, पण थांबले नाहीत, आणि आता ते फक्त रविवारी येऊ लागले.

रविवारच्या त्या योगायोगानेच आम्हाला पहिल्यांदा थांबून विचार करायला लावले. तोवर आम्ही सगळे ‘पोर्ट पडला’ हे निदान समजत होतो. वस्तुतः ती केवळ तक्रार होती.

एखादी सर्व्हिस पोर्टवर ‘ऐकते आहे’ असे म्हणायला तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असाव्या लागतात. तिची प्रोसेस जिवंत असली पाहिजे, तिने कर्नेलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) त्या पोर्टसाठी लिसनिंग सॉकेट, म्हणजे कनेक्शने घेणारे टोक, उघडलेले असले पाहिजे, आणि आलेली कनेक्शने ‘अ‍ॅक्सेप्ट’ या कॉलने ती एकामागून एक उचलत असली पाहिजे. यांतली कोणतीही एक गोष्ट बिघडली तरी नकाशावर दिसणारा परिणाम सारखाच असतो. मात्र बाहेरून पोर्टला जोडून पाहिले तर मिळणारे उत्तर सारखे नसते. प्रोसेस किंवा सॉकेटच नसेल तर कर्नेल तत्काळ ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असे कळवतो. सॉकेट आहे पण त्यापुढची रांग तुंबलेली असेल, तर कर्नेल नवे पॅकेट गुपचूप टाकून देतो आणि जोडणारा शेवटी ‘टाइमआउट’ होतो. दार वाजवल्यावर आतून ‘ते इथे राहत नाहीत’ असे उत्तर येणे आणि कितीही वाजवले तरी आत काहीच हालचाल न होणे, एवढा हा फरक आहे. अर्थात फायरवॉलही दोन्ही प्रकारचे उत्तर घडवू शकते, म्हणून ही चाचणी एकदा त्याच सर्व्हरवरून आणि एकदा दुसऱ्या यंत्रावरून करावी. पोर्टला जोडून पाहणाऱ्या ‘एनसी’ कमांडने तिला अर्धे मिनिट लागते. चार महिने आम्ही ते अर्धे मिनिट खर्च केले नव्हते, कारण रीस्टार्टला त्याहून कमी वेळ लागत असे.

पुढच्या रविवारी फोन आल्यावर रीस्टार्टआधी चाचणी केली. उत्तर तत्काळ आले : रिफ्यूज्ड. लिनक्सवरच्या सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीच्या ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’ या कमांडने सर्व्हिस ‘फेल्ड’ असल्याचे दाखवले आणि जर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, पहाटे ३ वाजून काही सेकंदांची ओळ होती : ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’. तिच्या वर, एका सेकंदाच्या आत, सुरू होऊन कोसळल्याच्या पाच नोंदी होत्या आणि प्रत्येकीचे कारण डेटाबेसशी संपर्क न होणे हेच होते. डेटाबेसच्या सर्व्हरवर दर रविवारी पहाटे ३ वाजताच देखभालीसाठी डेटाबेस दोन मिनिटे बंद ठेवला जातो, हे त्या चमूला ठाऊक होते, आम्हाला नव्हते. आणि आमचा क्रॉन त्यांना ठाऊक नव्हता.

इथे सिस्टमडीचे दोन मूळ आकडे माहीत असणे आवश्यक आहे. सर्व्हिस कोसळल्यावर पुन्हा सुरू करण्यापूर्वी ते फक्त १०० मिलिसेकंद थांबते, आणि १० सेकंदांत पाचपेक्षा जास्त वेळा सुरू करण्याची वेळ आली तर ते प्रयत्नच सोडून देते. डेटाबेस बंद असल्याचे कळायला आमच्या सर्व्हिसला क्षणभरही लागत नसल्यामुळे पाचही संधी एका सेकंदात संपत. दोन मिनिटांनी डेटाबेस परत येई, तेव्हा इकडे सर्व्हिस सुरू करणारे कोणीच उरलेले नसे. उपाय एका ओळीचा होता : युनिट फाइलच्या (सर्व्हिस कशी चालवायची हे सिस्टमडीला सांगणाऱ्या फाइलच्या) ‘सर्व्हिस’ भागात ‘रीस्टार्टसेक’चे मूल्य ५ सेकंद करणे. पाच सेकंदांच्या अंतराने प्रयत्न केल्यास १० सेकंदांत पाचाची मर्यादा ओलांडलीच जात नाही, त्यामुळे डेटाबेस परत येईपर्यंत प्रयत्न चालू राहतात. काहीजण ‘स्टार्टलिमिट-इंटर्व्हलसेक’ शून्य करून मर्यादाच काढून टाकतात. तसे करायचे असल्यास ती ओळ ‘सर्व्हिस’ भागात नव्हे तर ‘युनिट’ भागात लिहावी लागते. चुकीच्या भागात लिहिलेली ओळ सिस्टमडी एक इशारा नोंदवून सोडून देते, आणि तो इशारा सहसा कोणी वाचत नाही.

याच ठिकाणी आणखी एक खाचखळगा सांगून ठेवतो. आम्ही त्यात पडलो नाही, पण पडलेले पाहिले आहेत. ‘रीस्टार्ट’चे मूल्य ‘ऑन-फेल्युअर’ ठेवले की सर्व्हिस कशीही मेली तरी उठेल, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात हँगअप, इंटरप्ट, टर्म आणि पाइप या चार सिग्नलांनी आलेला मृत्यू सिस्टमडी ‘स्वच्छ’ मानते आणि अशा सर्व्हिसला परत उठवत नाही. लॉग फिरवणारी ‘लॉगरोटेट’ अनेकदा फाइल बदलल्यावर सर्व्हिसला हँगअप सिग्नल पाठवते. तो सिग्नल हाताळण्याची सोय प्रोग्राममध्ये नसेल तर त्याचा मूळ परिणाम प्रोसेस संपणे हाच आहे. अशी सर्व्हिस रोज किंवा आठवड्याने ठरावीक वेळी नाहीशी होते, आणि स्टेटसमध्ये ‘फेल्ड’ऐवजी शांतपणे ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ दिसते. अशा वेळी प्रथम लॉगरोटेटचे वेळापत्रक पाहावे.

रविवारचा आजार बरा झाला, पण मूळचा पाच-सहा दिवसांचा आजार तसाच होता. रोजच्या रीस्टार्टने त्याला फक्त झाकून ठेवले होते. म्हणून आम्ही क्रॉनमधली ओळ काढली आणि बिघाडाची वाट पाहत बसलो. वाहन विभागाला हे आवडले नाही आणि त्यांचे चुकलेही नव्हते. मात्र त्यांनीच या वेळी एक निरीक्षण सांगितले, जे आम्ही पूर्वी कधी विचारलेच नव्हते : रविवारी सगळे टँकर एकदम थिजत, इतर वेळी मात्र ते रात्रभरात एकेक करून गळत जात, आणि घाटातून जाणारे आधी.

सहाव्या रात्री दोनच्या सुमारास पहिले टँकर गळू लागले. सर्व्हिस ‘अ‍ॅक्टिव्ह, रनिंग’ दिसत होती. सॉकेटांची यादी दाखवणारी ‘एसएस’ कमांड एल, टी, एन आणि पी हे चार पर्याय देऊन चालवली, तेव्हा ५०२३ समोर ‘लिसन’ हा शब्द दिमाखात उभा होता. आमची देखरेख करणारी स्क्रिप्ट नेमका हाच शब्द शोधत असे, त्यामुळे ती आजवर प्रत्येक बिघाडात हिरवा दिवा दाखवत आली होती. पण त्याच ओळीतले पुढचे दोन आकडे वाचायचे असतात : ‘रिसीव्ह-क्यू’खाली १२९ आणि ‘सेंड-क्यू’खाली १२८.

चालू कनेक्शनच्या ओळीत हे आकडे बाइट्सचे असतात, मात्र लिसनिंग सॉकेटच्या ओळीत त्यांचा अर्थ वेगळा होतो. तिथे पहिला आकडा हँडशेक (जोडणीची सुरुवातीची देवाणघेवाण) पुरा होऊन उचलले जाण्याची वाट पाहणाऱ्या कनेक्शनांचा असतो, आणि दुसरा त्या रांगेच्या कमाल लांबीचा. रांग मर्यादेपेक्षा एकाने जास्त भरते, कारण कर्नेल ‘मर्यादेहून अधिक झाले का’ एवढेच तपासतो. म्हणून १२८ च्या रांगेत १२९. हा आकडा स्थिर राहिला आणि शून्याकडे आला नाही, तर सर्व्हिस ‘अ‍ॅक्सेप्ट’ करत नाही हे सिद्ध होते. कमाल लांबी प्रोग्रामने मागितलेला आकडा आणि कर्नेलची ‘सोमॅक्सकॉन’ ही मर्यादा यांपैकी जे लहान असेल ते ठरते. ही मर्यादा दीर्घकाळ १२८ होती आणि कर्नेल ५.४ पासून ती ४०९६ आहे. आमच्या विकासकाने प्रोग्राममध्येच १२८ लिहिले होते, त्यामुळे नव्या कर्नेलचा काही उपयोग नव्हता. ‘नेटस्टॅट’ला ‘-एस’ हा पर्याय दिला की लिसन क्यू किती वेळा ओसंडली याची मोजणी दिसते; ती आमच्या डोळ्यांदेखत वाढत होती.

यातून देखरेखीचे एक गुपितही उलगडले. टीसीपीचा हँडशेक प्रोग्राम नव्हे, कर्नेल पुरा करतो. प्रोग्राम पूर्णपणे अडकून पडलेला असला तरी रांगेत जागा असेपर्यंत बाहेरच्या माणसाला ‘जोडले गेले’ असेच उत्तर मिळते. म्हणजे केवळ पोर्टला जोडून पाहणारी चाचणीसुद्धा रांग भरेपर्यंत खोटा दिलासा देते, आणि रांग भरल्यावर जोडणारा लिनक्सच्या मूळ मांडणीनुसार जवळजवळ १२७ सेकंद प्रयत्न करत राहतो. खरी चाचणी तीच, जी काहीतरी पाठवून त्याचे उत्तर वाचते.

सर्व्हिस कनेक्शने का उचलत नव्हती, याचे उत्तर प्रोसेसांचा भार दाखवणाऱ्या ‘टॉप’मध्ये अर्धे दिसले : तिने प्रोसेसरचा एक पूर्ण कोअर व्यापला होता. प्रोग्राम कर्नेलला करत असलेले कॉल दाखवणारे ‘एसट्रेस’ लावल्याबरोबर पडद्यावर एकच जोडी धबधब्यासारखी कोसळू लागली. कोणत्या सॉकेटवर काही आले ते कळवणारा ‘ईपोल’ हा कॉल सांगे की नवे कनेक्शन आले आहे. ‘अ‍ॅक्सेप्ट’ उलट येई ‘ईएमफाइल’, म्हणजे ‘फार फाइली उघड्या आहेत’ ही चूक घेऊन (लिनक्स प्रत्येक सॉकेटही उघडी फाइल म्हणूनच मोजतो). कनेक्शन रांगेतच राही, म्हणून ‘ईपोल’ पुन्हा तेच सांगे. ही चूक लॉगमध्ये कुठेही नव्हती. प्रोग्राम ती मुकाट्याने गिळत होता, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा अपराध कनेक्शन गळणे हा नसून हा आहे. एक ओळ लॉगमध्ये पडली असती तर चार महिने वाचले असते.

‘प्रॉक’ या डिरेक्टरीत प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाची एक डिरेक्टरी असते. तिच्यातल्या ‘एफडी’मध्ये मोजले तर बरोबर १०२४ नोंदी होत्या, आणि शेजारच्या ‘लिमिट्स’ फाइलमध्ये ‘मॅक्स ओपन फाइल्स’समोर सॉफ्ट (प्रत्यक्ष लागू असलेली) मर्यादाही १०२४ होती. इथे माझा सहकारी अडून बसला, कारण ही मर्यादा आपण ६५५३६ केली आहे असे तो शपथेवर सांगत होता, आणि त्याच्या शेलमध्ये ‘यूलिमिट -एन’ खरोखरच ६५५३६ दाखवत होते. त्याने आकडा ‘लिमिट्स डॉट कॉन्फ’मध्ये लिहिला होता. ती फाइल लॉगिनच्या वेळी पॅम या लॉगिन हाताळणाऱ्या यंत्रणेकडून वाचली जाते. सिस्टमडीने सुरू केलेली सर्व्हिस लॉगिन करत नाही, म्हणून तिला ती फाइल लागूच होत नाही. सर्व्हिसची मर्यादा युनिट फाइलमधल्या ‘लिमिट-नोफाइल’ या ओळीने ठरते. त्यामुळे आपल्या शेलमधले उत्तर प्रमाण मानू नये. ज्या प्रोसेसबद्दल शंका आहे तिचीच ‘लिमिट्स’ फाइल उघडावी.

रात्रीचे अडीच वाजले होते आणि पुरावा हातचा घालवायचा नव्हता. अशा वेळी ‘पीआरलिमिट’ ही कमांड फार उपयोगी पडते : चालू असलेल्या प्रोसेसची मर्यादा ती रीस्टार्टशिवाय बदलते. सॉफ्ट मर्यादा ४०९६ केली आणि ‘एसएस’ पुन्हा चालवले, तर १२९ च्या जागी ० होता. मिनिटभरात टँकर हलू लागले, आणि गळती जिथे होती तिथेच तपासायला शिल्लक राहिली. एक सावधगिरी मात्र आधी घ्यावी. जुना प्रोग्राम ‘सिलेक्ट’ हा कॉल वापरत असेल तर तो १०२४ च्या पुढचे डिस्क्रिप्टर (उघड्या फाइली-सॉकेटांचे क्रमांक) हाताळू शकत नाही आणि मर्यादा वाढवल्यावर मेमरी बिघडवून कोसळू शकतो. आमचा ‘ईपोल’ वापरतो हे ‘एसट्रेस’मध्ये आधीच दिसले होते.

मर्यादा वाढवण्यापूर्वी घेतलेली ‘एसएस’ची यादी आम्ही जपून ठेवली होती. त्यात ज्या ओळींसमोर प्रोसेसचे नाव नव्हते ती रांगेत तिष्ठणारी कनेक्शने. ती वगळून ५०२३ वरच्या उरलेल्या ओळी मोजल्या. ६०४ ‘क्लोज-वेट’ अवस्थेत आणि ४१३ ‘एस्टॅब्लिश्ड’ होत्या. बाकीचे सात डिस्क्रिप्टर लॉग, डेटाबेस, लिसनिंग सॉकेट असे किरकोळ होते. टँकर १४०, आणि ‘चालू’ कनेक्शने ४१३. गळत्या दोन होत्या हे इथेच उघड झाले.

‘क्लोज-वेट’चा अर्थ असा की, पलीकडच्याने कनेक्शन बंद केल्याचे कळवले, आपल्या कर्नेलने ते मान्य केले आणि आता आपल्या प्रोग्रामने ‘क्लोज’ करण्याची वाट पाहिली जात आहे. या अवस्थेला कालमर्यादा नाही. प्रोग्राम जिवंत आहे आणि डिस्क्रिप्टर धरून बसला आहे तोवर ती अशीच राहते. ‘टाइम-वेट’ लिनक्समध्ये ६० सेकंदांनी आपोआप संपते, म्हणून लोक दोन्हींची गल्लत करतात आणि ‘टीसीपी-फिन-टाइमआउट’ कमीजास्त करत बसतात. त्याचा ‘क्लोज-वेट’शी काही संबंध नाही. ही गळती फक्त प्रोग्राममध्येच बुजवता येते. आमच्या बाबतीत इंजिन बंद झाले की यंत्र शिस्तीने कनेक्शन बंद करते, ‘रीड’ शून्य बाइट परत देते, प्रोग्राम ते सॉकेट ‘ईपोल’च्या यादीतून काढतो, आणि ‘क्लोज’ करायचे विसरतो.

दुसरी गळती घाटातली. रेंज गेली की यंत्राला काही कळवता येत नाही. पलीकडे उतरल्यावर ते नवे कनेक्शन उघडते आणि जुने आमच्याकडे ‘एस्टॅब्लिश्ड’ म्हणूनच पडून राहते. आयपी पत्त्यावरून हे ओळखता आले नाही, कारण मोबाइल कंपनीच्या नॅटमागे अनेक यंत्रांचा पत्ता एकच दिसतो. पण ‘एसएस’ला ‘-आय’ पर्याय दिला की शेवटचा डेटा किती मिलिसेकंदांपूर्वी आला ते दिसते. एका ओळीत तो आकडा ३१,१०,४०,००० होता, म्हणजे साडेतीन दिवसांहून अधिक, आणि तेही दर ३० सेकंदांनी बोलणाऱ्या यंत्राकडून. ‘-ओ’ पर्यायाने कीप-अलाइव्हचा (पलीकडचा अजून आहे का, या चौकशीचा) टायमर दिसायला हवा होता, तो कुठल्याच ओळीत नव्हता. प्रोग्रामने सॉकेटवर कीप-अलाइव्ह मागितल्याशिवाय कर्नेल ते स्वतःहून सुरू करत नाही. मागितले तरी मूळ मांडणीत पहिली चौकशी ७२०० सेकंदांच्या शांततेनंतर होते, मग ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ वेळा. म्हणजे मेलेले कनेक्शन ओळखायला दोन तास अकरा मिनिटे लागतात. आमच्या कामाला हे फार उशिराचे होते.

विकासकाला आकड्यांसह कळवले. प्रोग्राममध्ये तीन बदल झाले : शून्य बाइट आल्यावर ‘क्लोज’, पाच मिनिटे डेटा न आल्यास आपणहून कनेक्शन तोडणे, आणि ‘अ‍ॅक्सेप्ट’ची प्रत्येक चूक लॉगमध्ये नोंदवणे. नवी आवृत्ती येईपर्यंत आम्ही ‘लिमिट-नोफाइल’ ८१९२ ठेवले. दिवसाला साधारण १७० कनेक्शने गळत असल्यामुळे त्या बदलाने दुखणे सहा दिवसांवरून सात आठवड्यांवर गेले असते, इतकेच; कायमचा उपाय म्हणून कोणी एवढ्यावर थांबू नये. युनिट फाइल थेट न बदलता ‘सिस्टमसीटीएल एडिट’ने वेगळी ओव्हरराइड फाइल करावी, म्हणजे पॅकेज अद्ययावत झाले तरी बदल टिकतो, आणि रीस्टार्टनंतर ‘लिमिट्स’ फाइल पुन्हा वाचून खात्री करावी.

देखरेखीची स्क्रिप्ट आता ‘लिसन’ हा शब्द शोधत नाही. ती एका खोट्या टँकरच्या ओळख क्रमांकाने नोंद पाठवते आणि पोचपावती दहा सेकंदांत आली नाही तर फोन करते. शिवाय दर पाच मिनिटांनी ती ‘एफडी’मधल्या नोंदी मोजते. हा आकडा दिवसा १५० च्या आसपास असतो आणि दुपारी टँकर उभे असताना ४० च्या खाली येतो. तो एखाद्या दुपारी खाली आला नाही, तर सर्व्हिस अजून चालू असतानाच आम्ही पुन्हा ‘एसएस’ची यादी काढायला बसू.